बंगळुरूची तळघरं आणि सँकी साहेबाचा तलाव

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. मोठी नदी नाही, समुद्र तर फारच लांब. मग हे शहर बुडतं कसं, असा प्रश्न इथे पोस्टिंगवर आलेला जवान पहिल्याच पावसाळ्यात विचारतो. मीही विचारला. उत्तर शोधायला जवळजवळ पाचशे वर्षं मागे जावं लागलं.

केंपेगौडाने १५३७ मध्ये इथे मातीचा किल्ला बांधला आणि पेठ वसवली. गाव उंचवट्यावर, त्यामुळे पावसाचं पाणी चारी बाजूंनी पळून जायचं. ते अडवायला त्या काळात तलाव खोदले गेले. एक भरला की सांडवा पुढच्या तलावात. मधल्या कालव्याला इथे 'राजकालुवे' म्हणतात. पश्चिमेचं पाणी वृषभावती नदीला आणि पुढे कावेरीच्या खोऱ्यात, पूर्वेचं दक्षिण पिनाकिनीकडे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने हे ठाणं घेतलं आणि बंगळुरू शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. आपले राजे इथे राहिले तेव्हा पेठेची तहान याच तलावांनी भागवली, हे आपल्याकडच्या पुस्तकांत फारसं येत नाही.

इंग्रजांनी १८०९ मध्ये छावणी उभारली. मद्रास सॅपर्स १८३४ पासून इथे आहेत, अलसूर तलावाला लागूनच. त्याच परंपरेतला इंजिनिअर अधिकारी रिचर्ड सँकी. छावणीला पाणी कमी पडू लागलं म्हणून त्याने १८८२ मध्ये तलाव बांधला. तो आजही 'सँकी टँक' म्हणूनच ओळखला जातो. सॅपरच्या हातचं काम इतकी वर्षं टिकलेलं पाहून छाती फुगते, खोटं कशाला बोलू!

गंमत अशी, की तलावांचा घात नळाने केला. १८९०च्या दशकात हेसरघट्ट्याहून नळाचं पाणी आलं, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून. प्यायला तलाव लागेना, तेव्हा मोकळी जमीन म्हणून त्याकडे लोकांचं लक्ष गेलं. धर्मांबुधी तलावावर मॅजेस्टिकचा बसस्टँड, संपंगी तलावावर कंठीरव स्टेडियम. कालुवे कुठे बुजले, कुठे भिंतींत आवळले गेले. उतार मात्र तोच राहिला.

सप्टेंबर २०२२ मध्ये एका रात्रीत सुमारे १३० मिलीमीटर पाऊस झाला आणि आउटर रिंग रोडकडच्या लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावं लागलं. मे २०२३ मध्ये के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये गाडी बुडून एक तरुणी गेली. मे २०२५ मध्ये बीटीएम लेआउटमधल्या एका इमारतीच्या तळघरातलं पाणी पंपाने उपसताना विजेचा धक्का बसून ६३ वर्षांचे गृहस्थ आणि १२ वर्षांचा मुलगा दगावले. ही शेवटची बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पाणी उपसणं हे तर आपण ट्रेंचमध्ये रोज करतो.

म्हणून निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी हे लिहितोय. आमच्या ओळखीच्या एका सातारकर सुभेदारसाहेबांच्या सोसायटीत तळघराचे झरोके जमिनीच्या पातळीला होते. अंगणातलं पाणी सरळ आत! त्यांनी झरोक्यांच्या खड्ड्याभोवती हात-दीड हात उंच कठडा बांधून घेतला, वर पाऊस अडवणारं पण हवा येऊ देणारं छप्पर टाकलं आणि खड्ड्याच्या तळाला जाळी लावून पाइप संपपर्यंत नेला. नुसतं छप्पर पुरत नाही. तळाला वाट नसेल तर खड्डा हौदासारखा भरतो. गाडीच्या उताराच्या माथ्यावर उंचवटा हवा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत वळत नाही. खाली आडवी जाळीची नाली हवी. अंगणाचा उतार इमारतीपासून दूर हवा. आमच्या लोकांनी फरशी बसवताना नेमका उलटा दिला होता, तो सुधारायलाच जास्त खर्च आला.

आणि विजेचं मीटर, मेन स्विच तळघरात ठेवूच नये. पाणी शिरलं की आधी वरून पुरवठा बंद करायचा, पाण्यात पाय नंतर. 'मी फौजी आहे, मला काय होतंय' ही अक्कड इथे चालत नाही.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा गावचा जुना नकाशा मागा आणि कालुवा कुठून जातो ते पाहा. एजंट हसेल. हसू दे. सुभेदारसाहेबांनी तो नंतर पाहिला, तेव्हा कळलं की त्यांच्या मागच्या भिंतीला लागूनच एक कालुवा जातो. आता जूनच्या आधी ते स्वतः उभे राहून त्यातला गाळ काढून घेतात. सोसायटीची पोरं त्यांना 'कालुवे अंकल' म्हणतात.