गिरणीच्या दारातल्या दोन वाटा

मुंबईत कापडगिरणीचा पहिला पाया १८५४ साली घातला गेला. पुढे गिरणगाव वाढले, आणि कोकणातून व घाटावरून माणसे पोटासाठी तेथे येऊ लागली. मात्र काम शोधणाऱ्या पुरुषाची वाट एक होती आणि स्त्रीची दुसरी.

पुरुष भल्या पहाटे गिरणीच्या दरवाज्याशी उभा राही. जॉबर गावचा किंवा भावकीतला असला, त्याची दस्तुरी पोचली, म्हणजे बदलीवर का होईना, काम लागे. एका गिरणीत जमले नाही तर तो दुसरीचे दार गाठी. स्त्रीला चूल आणि तान्हे मूल सोडून इतके हिंडणे शक्य नव्हते. तिला चाळीजवळचीच गिरणी हवी असे, आणि तेथे तिची गाठ नायकिणीशी पडे. स्त्रियांना कामावर घेणे आणि काढणे बहुधा नायकिणीच्याच मर्जीवर चाले.

नायकिणीची सत्ता चाले ती वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत. म्हणजे सूत गुंडाळणे आणि त्याच्या लडी करणे. अधिक मिळकतीचे विणकाम पुरुषांकडेच राहिले. स्त्रीची मजुरी कामाच्या मापावर ठरे. सूत कमी आले की मिळकतही घटे. तिची मजुरी कमी का, या प्रश्नाचे उत्तर केवळ पगाराच्या दिवशी नव्हे, तर काम मागण्याच्या दिवशीच मिळत होते.

कायदे आले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले; पुढे रात्रपाळी त्यांना वर्ज्य झाली; १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. हे सारे हिताचेच होते. पण स्त्रीला कामावर ठेवणे महाग पडते, असा हिशेब मालक मांडू लागले. १९३१ साली व्हिटली आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली. तरी १९२० नंतरच्या दशकात कामगारांत सुमारे एक-पंचमांश असलेल्या स्त्रिया पुढे कमीच होत गेल्या.

१९७६ साली संसदेने समान मोबदल्याचा कायदा केला, तेव्हा समान कामाला समान मजुरी एवढेच सांगून ती थांबली नाही. भरतीतही स्त्रीपुरुष भेद करू नये, असे त्यात घातले. गिरणगावच्या स्त्रियांना हे केव्हाच कळले होते. दार अर्धेच उघडले, तर आतली मजुरीही अर्धीच हाती येते.