निमकीचे कलनशास्त्र

मराठी मुलांना एके काळी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ करावी लागे. बाजारातला हिशेब तोंडी करायचा तर दुसरा मार्ग नव्हता. त्यामुळे अपूर्णांकाने गुणणे आपल्या जिभेवर रुळलेले होते. पण अपूर्णांकाची ही सवय ‘किती वेळा?’ या प्रश्नापाशी येऊन अडते. एखादी क्रिया दोनदा करता येते, तीनदा करता येते. अर्ध्यांदा करायची म्हणजे नेमके काय करायचे?

गणिताने हा प्रश्न आधी घातांकांच्या बाबतीत सोडवला. दोनचा वर्ग, दोनचा घन समजायला सोपा. दोनचा अर्धा घात म्हणजे काय? उत्तर असे, की जी संख्या स्वतःशी गुणल्यावर दोन येतात ती, म्हणजेच वर्गमूळ. अर्धी क्रिया कोणती, तर जी लागोपाठ दोनदा केली असता पूर्ण क्रिया होते. चौदाव्या शतकात फ्रान्समधला निकोल ओरेम अपूर्णांकी घातांक वापरत होता. १६१९ साली केपलरने ग्रहांचा जो तिसरा नियम मांडला, त्यात तर निसर्गाचीच दिडकी आहे. ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत घ्या, त्याचा दीड घात करा, की त्याच्या प्रदक्षिणेची वर्षे मिळतात. गुरूचे अंतर ५.२ पट, दीड घात केला की ११.९ वर्षे येतात.

दुसऱ्या वेळी हाच प्रश्न कलनशास्त्रात विचारला गेला, आणि या लेखाचा विषय तो आहे. कापलेल्या अंतराचे एकदा अवकलन केले की वेग मिळतो, दोनदा केले की त्वरण. मग अर्धे अवकलन केले तर काय मिळेल? या विषयाला अपूर्णांकी कलन म्हणतात आणि त्याच्याविषयी एक सोयीस्कर हकिकत नेहमी सांगितली जाते: तीन शतके ते गणितज्ञांचे निरुपयोगी खेळणे होते, मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियंत्यांना ते अचानक सापडले. ही हकिकत मला पटत नाही. माझ्या वाचनातून दिसणारा क्रम वेगळा आहे. उपयोग पहिल्यापासून होता. उशिरा कळला तो अर्थ.

सुरुवात मात्र खरोखरच कुतूहलातून झाली. ३० सप्टेंबर १६९५ रोजी लायब्निझने लोपिताल या फ्रेंच गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात अर्ध्या अवकलनाचा विषय येतो. हा वरवर विरोधाभास दिसतो, पण पुढेमागे त्यातून उपयुक्त गोष्टी निघतील, असा त्याचा सूर होता. १८१९ साली लाक्र्वा या फ्रेंच पाठ्यपुस्तककाराने एक ठोस उत्तर काढून दाखवले. क्ष या राशीचे अर्धे अवकलन म्हणजे क्षच्या वर्गमूळाची दुप्पट, भागिले पायचे वर्गमूळ. या उत्तराचे पुन्हा अर्धे अवकलन केले की १ येतो, म्हणजे क्षचे नेहमीचे अवकलन. हिशेब चोख जुळला. वर्तुळाशी काही संबंध नसताना पाय कोठून आला, याचे कोडे मात्र वाचणाऱ्याला पडावे असेच होते.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १८२३ साली, नील्स आबेल या नॉर्वेच्या तरुणाने एक यांत्रिकीचा प्रश्न हाती घेतला. गुळगुळीत तारेवरून मणी घसरत खाली येतो. किती उंचीवरून सोडला असता किती वेळ लागतो, ते माहीत आहे. तर तारेचा आकार कसा असेल? घसरणाऱ्या मण्याचा वेग तो जितका खाली आला त्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. या वर्गमूळामुळेच समीकरणात अर्धे समाकलन येते आणि ते उलटवायला अर्धे अवकलन लागते. कोठूनही सोडला तरी सारखाच वेळ लागावा, अशी अट घातली की उत्तर चक्रज वक्र येते. हायगेन्सने लंबकाच्या घड्याळासाठी हाच वक्र दीडशे वर्षांपूर्वी भूमितीने शोधला होता. म्हणजे अर्ध्या कलनाचा पहिला मोठा प्रयोग सरळसरळ पदार्थविज्ञानातला होता. १८३२ साली लिऊव्हीलने या विषयावर सविस्तर लिहिले, तेव्हा निबंधाच्या शीर्षकातच भूमिती आणि यांत्रिकीच्या प्रश्नांचा उल्लेख होता. याला खेळणे कसे म्हणायचे?

खेळण्याचा शिक्का बसला तो एका भांडणामुळे. स्थिर राशीचे नेहमीचे अवकलन शून्य असते, कारण जे बदलतच नाही त्याच्या बदलाचा दर शून्यच. पण अर्धे अवकलन? लिऊव्हीलच्या पद्धतीने ते शून्य येते. लाक्र्वाच्या वाटेने गेलेल्या पीकॉकच्या पद्धतीने येत नाही. १८४० साली ऑगस्टस डी मॉर्गनने समंजस मत दिले, की दोन्ही पद्धती एखाद्या अधिक व्यापक पद्धतीचे भाग असू शकतील. पण ज्या क्रियेची दोन उत्तरे येतात तिच्यावर विसंबायचे कसे, ही शंका राहिलीच.

दरम्यान व्यवहार पुढे गेला होता. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल पडली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पार व्हायला सुमारे १६ तास लागले. पुढे व्होल्टेज भरमसाट वाढवण्यात आले आणि काही आठवड्यांत केबल निकामी झाली. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने त्याआधीच दाखवले होते, की लांब केबलमध्ये वीज धातूच्या सळईत उष्णता पसरते तशी पसरते. केबल दुप्पट लांब केली की संदेशाला चौपट वेळ लागतो. हा धडा नीट गिरवल्यावरच लांबच्या केबली यशस्वी झाल्या. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकली आणि आपली मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली, तीही याच गणिताच्या आधाराने.

ऑलिव्हर हेव्हिसाइड तारायंत्र कंपनीतला माणूस. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला, ऐकू कमी येणारा. १८७४ साली नोकरी सोडून घरीच संशोधन करत बसलेला. त्याने केबलचा प्रश्न काठावरून पाहिला. समोर फक्त केबलचे एक टोक आहे. तेथे व्होल्टेज लावले तर किती प्रवाह आत जाईल? अवकलनाच्या क्रियेला त्याने एक अक्षर दिले, ते साध्या संख्येसारखे वापरले आणि बेधडक त्याचे वर्गमूळ घेतले. उत्तर असे, की प्रवाह हा व्होल्टेजच्या अर्ध्या अवकलजाच्या प्रमाणात असतो. बटण दाबून व्होल्टेज स्थिर ठेवले, तरी प्रवाह शून्य होत नाही. काळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात मंदावत जातो. ज्यावर गणितज्ञ भांडत होते ते स्थिर राशीचे शून्य नसलेले अर्धे अवकलज केबलच्या टोकाशी प्रत्यक्ष मोजता येत होते.

हेच समीकरण थंड होत जाणाऱ्या पृथ्वीलाही लागू पडते. १८६२ साली टॉमसनने जमिनीखाली वाढत जाणाऱ्या तपमानावरून पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांत बसवले होते. उत्क्रांतीसाठी विपुल काळ मागणाऱ्या डार्विनच्या अनुयायांची त्याने कोंडी झाली. टॉमसनचाच जुना साहाय्यक जॉन पेरी याने १८९५ साली आक्षेप घेतला, की पृथ्वीचा अंतर्भाग उष्णता अधिक चांगली वाहत असेल तर वय कितीतरी पटींनी वाढेल. त्याच्या बाजूची आकडेमोड हेव्हिसाइडने आपल्या पद्धतीने करून दिली. पृथ्वीच्या वयाचा वाद, तोही अर्ध्या अवकलनाच्या हत्याराने!

आणि याच सुमारास रॉयल सोसायटीने हेव्हिसाइडला दार लावले. या पद्धतीवरचे त्याचे दोन निबंध १८९३ साली छापले गेले होते. तिसरा परीक्षक विल्यम बर्नसाइडच्या अभिप्रायानंतर १८९४ साली नाकारण्यात आला. सिद्धतांमध्ये काटेकोरपणा नाही हे कारण. बर्नसाइडला खलनायक ठरवणे सोपे आहे. मी ते करणार नाही. हेव्हिसाइडच्या युक्त्या कोठे चालतात आणि कोठे फसतात, हे त्याने खरोखरच सिद्ध केलेले नव्हते. पुढे ब्रॉमविचसारख्यांनी ती बाजू भक्कम केली. पण नुकसान व्हायचे ते झाले. नव्या पाठ्यपुस्तकांत रूपांतरांचे तक्ते आले आणि अर्धे अवकलन त्या तक्त्यांतील एखाद्या ओळीत निनावी होऊन बसले.

त्याचा अर्थ विसाव्या शतकात उलगडला, तोही भलत्याच ठिकाणी. इंग्लंडमध्ये जी. डब्ल्यू. स्कॉट ब्लेअर हा रसायनज्ञ दुग्धव्यवसाय संशोधन संस्थेत चीजचा घट्टपणा अभ्यासत होता. आपल्याकडे कणीक नीट मळली का, हे जसे बोटाने दाबून कळते, तसे चीज करणाऱ्यांना हाताने कळायचे. उपकरणाला कळत नव्हते. रबर किती ताणले यावर त्याचा ताण ठरतो. मध किती वेगाने ओढला यावर. म्हणजे एकीकडे शून्य वेळा अवकलन, दुसरीकडे एकदा. चीज, डांबर, कणीक या दोहोंच्या मधले पदार्थ. १९४० च्या दशकात स्कॉट ब्लेअरने सुचवले, की त्यांचा नियमही मधला, अपूर्णांकी अवकलनाचा असावा.

येथे अर्थ हाती लागतो. नेहमीचे अवकलन या क्षणापुरते पाहते. अर्धे अवकलन साऱ्या भूतकाळाचा हिशेब ठेवते, जुन्या घटनांना कमी वजन देत. अर्ध्या समाकलनात एका सेकंदापूर्वीच्या घटनेच्या तुलनेत शंभर सेकंदांपूर्वीच्या घटनेचे वजन एक दशांश उरते. शून्य होत नाही. मळलेली कणीक मघाशी कशी दाबली हे विसरत नाही. केबलच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला आत शिरलेली वीज दिसत नाही, तरी ती आत आहेच आणि पुढच्या प्रवाहावर तिचा परिणाम होतोच.

नाईल नदीनेही हीच साक्ष दिली. धरणात किती पाणी साठवावे, हे ठरवण्यासाठी हॅरल्ड हर्स्टने इजिप्तमधल्या शतकानुशतकांच्या पूरनोंदी तपासल्या. प्रत्येक वर्ष मागच्यापासून स्वतंत्र असते, तर लागणारा साठा वर्षांच्या अर्ध्या घाताने वाढला असता. काळ चौपट, तर साठा दुप्पट. १९५१ साली त्याने दाखवले, की घातांक सुमारे ०.७३ येतो; काळ चौपट, तर साठा पावणेतीन पट. सुकाळाला सुकाळ आणि दुष्काळाला दुष्काळ चिकटून येतात. १९६८ साली मँडेलब्रॉट आणि व्हॅन नेस यांनी अपूर्णांकी समाकलन वापरून या चिकटपणाचे गणित रचले. अर्ध्याऐवजी पाऊण घात मानण्याचा प्रश्न येथे लाखोंच्या पाण्याचा होता.

जुने भांडणही याच उजेडात मिटले. १९६७ साली भूकंपलहरी खडकात कशा विरतात, हे अभ्यासताना मिकेले कापुटो या इटालियन भूभौतिकशास्त्रज्ञाने अशी व्याख्या वापरली, की स्थिर राशीचे अवकलज शून्य येते. आधीची व्याख्या चूक नव्हती. प्रश्न एवढाच, की इतिहास कोठून मोजायचा. राशी अनादि काळापासून स्थिर असेल तर आठवण्यासारखे काहीच नाही. एखाद्या क्षणी बटण दाबून स्थिर केली असेल तर ते दाबणे प्रवाहाच्या स्मरणात राहते. डी मॉर्गनचा अंदाज बरोबर ठरला होता.

१९७४ साली अमेरिकेत न्यू हेवन विद्यापीठात या विषयाची पहिली परिषद भरली. १९८३ साली बॅगली आणि टॉर्विक यांनी कंपने शोषणाऱ्या पदार्थांना तो लावून दाखवला. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शंतनू दास यांनी अपूर्णांकी कलन आणि नियंत्रण यांवर ग्रंथ लिहिला. पुणे विद्यापीठातील वर्षा दफ्तरदार-गेज्जी यांनी हुसेन जाफरी यांच्यासह २००६ साली मांडलेली पद्धत अशी समीकरणे सोडवण्यासाठी जगभर वापरली जाते.

आज या विषयाची लाट आहे आणि लाटेबरोबर फेसही येतो. जुन्या समीकरणात एकच्या जागी पाऊण घातला, की वक्र आकड्यांशी अधिक जुळतो. हाताशी एक जादा संख्या असल्यावर तो जुळणारच. एवढ्याने निसर्गाचे काही कळत नाही. टॉमसनच्या केबलमध्ये, हर्स्टच्या नदीत आणि स्कॉट ब्लेअरच्या चीजमध्ये अपूर्णांकाला जागा होती, कारण भूतकाळ कोठेतरी प्रत्यक्ष साठलेला होता. म्हणून नवा निबंध हाती आला, की मी आधी एवढेच शोधतो: येथे आठवण कोण ठेवते आहे? त्याचे उत्तर निबंधात असेल, तर अपूर्णांक खरा.