एका रात्रीत बदललेलं गाव

सायकल चालवत ऐकत असाल तर आधी एका कानातला इअरफोन काढा. हं, आता बोलू.

मागच्या आठवड्यात मी लक्ष्मी रोडवर सायकल घेऊन गेलो. म्हणजे अर्धा रस्ता ती हातात धरून चालतच गेलो. घरी आलो आणि ग्रोनिंगेनबद्दल वाचत बसलो.

नेदरलँड्सच्या उत्तरेचं हे जुनं व्यापारी शहर. आपल्याला वाटतं, डच लोक जन्मतःच सायकलवर बसतात. तसं अजिबात नाही. १९६०च्या दशकात तिथेही रस्ता सुधारणं म्हणजे मोटारींना जागा करून देणं. ग्रोटे मार्क्ट हा गावातला मुख्य चौक, तोही गाड्यांनी गजबजलेला. पुढे १९७०च्या दशकात पालिकेत डाव्या विचारांची तरुण मंडळी आली. त्यांच्यातलाच एक मॅक्स फान डेन बेर्ख, जेमतेम तिशीचा.

त्यांच्या आराखड्यातली मेख ऐका. त्यांनी मध्यवर्ती भागाचे ४ तुकडे केले. मोटारीने एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात थेट जायचं नाही. आधी बाहेर रिंग रोडवर यायचं, वळसा घालायचा, मग दुसरीकडून आत शिरायचं. सायकल, बस आणि पायी जाणारे मात्र सरळ जाणार. आपल्या भाषेत सांगायचं तर कसब्यातून सदाशिव पेठेत सायकलने पाच मिनिटांत, कारने मात्र नदीकाठाने फिरून! गावात गाडी आणायला बंदी नव्हती. दुकानाजवळ येता येत होतं, गाव ओलांडायचा शॉर्टकट तेवढा बंद झाला.

मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. आपण रस्त्याच्या कडेला पट्टा रंगवतो, त्यावर संध्याकाळपर्यंत पाणीपुरीची गाडी आणि चार दुचाक्या उभ्या. त्यांनी पट्ट्याआधी गर्दीचं कारणच उचललं.

व्यापारी अर्थातच खवळले. गिऱ्हाईक गाडीने येतं, ते आता दुसऱ्या गावात जाईल, ही भीती. मी ती हसण्यावारी नेणार नाही. भाडं आणि नोकरांचा पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. तरीही सप्टेंबर १९७७मध्ये एका रात्रीत पाट्या बदलल्या, दिशा बदलल्या आणि सकाळी लोक नव्याच गावात उठले. हप्त्याहप्त्याने केलं असतं तर पहिल्याच चौकात अडकलं असतं, असं आपलं माझं मत.

भांडणं पुढेही बरीच वर्षं चालली. फान डेन बेर्ख मात्र नंतर त्याच प्रांताचे प्रमुख झाले. आज शहरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात. आणि तिथली आत्ताची डोकेदुखी? स्टेशनबाहेर इतक्या सायकली, की लावायच्या कुठे!

चला, भेटू पुढच्या भागात.