चित्रामागचा सूर

मूकपट मुका होता, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नव्हे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली आणि थोड्याच दिवसांत ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले, तेव्हा जोडीला वाद्यवृंद होता. पुढे थिएटरांतून पडद्यापुढे पेटी-तबला वाजू लागला. यंत्राची खडखड झाकावी, हा त्यातला एक हेतू सांगतात. पण नुसती खडखड झाकायला ढोलही पुरला असता! पडद्याकडे पाहून वाजवणाऱ्याच्या हाती त्याहून मोठी सत्ता होती. प्रसंग तोच, पण हसू यावे की गहिवरून यावे, हे पुष्कळदा पेटीच ठरवी.

आपल्या प्रेक्षकाला हे नवे नव्हते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरीत आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गात. संग्रहालयात काचेआड ही चित्रे पाहिली की त्यांतली मोठ्या डोळ्यांची माणसे ताठर वाटतात. दोष चित्रकाराचा नाही. त्याने मोकळी सोडलेली जागा गाणाऱ्याने भरायची होती. आपण मात्र चित्र तेवढे टांगले आणि गाणे बाहेर ठेवले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पुढे हळूहळू पेटीवाला उठला. आता सूर चित्रफितीवरच बांधला गेला, साऱ्या गावांना एकच. कुठे डोळे पुसावेत, हे प्रेक्षकाला आगाऊ कळू लागले.

म्हणूनच प्रभातच्या १९३७ सालच्या 'कुंकू'चे मला मोल वाटते. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत घेतलेच नाही. गाणी आहेत, पण त्यांची साथ दृश्यातल्याच वस्तूंतून येते. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या बिजवराच्या घरी फसवून आणलेली. ती हा संसार मानायला नकार देते. तिच्या नकारामागे सारंगी रडली असती, तर आपणही चार आसवे गाळून हलक्या मनाने घरी गेलो असतो. इथे ऐकू येते ते घरच. भिंतीवर काकासाहेबांचे जुने घड्याळ आहे, समोर न रडणारी मुलगी आहे, आणि तिच्याविषयी काय वाटून घ्यायचे हे कोणी सांगत नाही.