चेनसॉसाठी टू-स्ट्रोक ऑईल : सिंथेटिक की साधे, आणि प्रमाण किती?

राहाता : पेरूच्या बागांसाठी परिचित असलेल्या राहाता परिसरात जुन्या, उंच वाढलेल्या झाडांची छाटणी आता कुऱ्हाड-करवतीऐवजी पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉने होऊ लागली आहे. बांधावरची वाळलेली झाडे तोडणे, जुनी बाग काढून टाकणे, जळणाची लाकडे करणे अशी कामेही याच यंत्राने होतात. दिवसभराचे काम ते तासाभरात उरकते. मात्र पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑईलचा हिशेब चुकला तर तेच यंत्र काही मिनिटांत जाम होते. मग ब्लॉक-पिस्टन बदलण्याचा खर्च तर येतोच, शिवाय ऐन हंगामात काम अडून राहते ते वेगळेच. त्यामुळे कोणते ऑईल घ्यावे आणि ते किती मिसळावे, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

ऑईल मिसळावे का लागते?

मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑईलचा साठा खाली वेगळा असतो व तेच ऑईल पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोक इंजिनात असा साठा नसतो. पेट्रोल व हवेचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये येते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. त्यात मिसळलेले ऑईलच क्रँकशाफ्टचे बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांना वंगण पुरवते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जाते. म्हणजेच हे ऑईल दुहेरी परीक्षा देत असते. त्याने वंगण चांगले द्यावे आणि जळतानाही मागे राख वा काजळी ठेवू नये, अशी अपेक्षा असते.

साध्या इंजिन ऑईलला ही परीक्षा झेपत नाही. २०डब्ल्यू-४० सारखे फोर-स्ट्रोक ऑईल जळण्यासाठी बनविलेले नसते. ते पेट्रोलमध्ये घातल्यास राख साचते व स्पार्क प्लग बंद पडतो. बोटींच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू३ प्रकारचे ऑईलही चेनसॉच्या हवेने थंड होणाऱ्या तापट इंजिनाला योग्य नाही.

लूना-चेतकच्या काळातील सवय

नगर जिल्ह्याला टू-टी ऑईल नवे नाही. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणलेली लूना नगरच्या कारखान्यात तयार होत असे. लूना, बजाज चेतक, राजदूत या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. त्या काळी पेट्रोल पंपावर ऑईल मारून घेण्याची पद्धत होती व ते बहुतेकदा अंदाजानेच पडे. मोकळ्या, भेसळीच्या ऑईलमुळे धूर इतका वाढला, की सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दिल्लीत १९९८ अखेर सुट्या टू-टी ऑईलच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपावर यंत्राने मोजून मिसळलेले इंधन देण्याची सक्ती झाली.

रस्त्यावरून त्या गाड्या गेल्या, पण अंदाजाने ऑईल ओतण्याची सवय मात्र उरली. चेनसॉला ती परवडणारी नाही. तिचे इंजिन मोकळे असताना मिनिटाला १२ ते १४ हजार फेरे घेते आणि लाकडात घुसल्यावर पूर्ण ताकदीने चालते. मोपेडवर असा भार क्वचितच येत असे.

सिंथेटिक की साधे?

साधे, म्हणजे खनिज ऑईल, कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. सिंथेटिक ऑईलचे मूळ द्रव्य रासायनिक प्रक्रियेने तयार केलेले असते. ते उष्णतेत अधिक काळ टिकते, स्वच्छ जळते व धूर कमी करते. त्यामुळे पिस्टनच्या रिंगा चिकटणे, सायलेन्सरचे छिद्र काजळीने बुजणे हे प्रकार कमी होतात. दोहोंच्या मिश्रणातून बनलेले सेमी-सिंथेटिक ऑईल किमतीने मधले असते.

तथापि डब्यावर ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहून खरेदी करणे पुरेसे नाही. त्याहून महत्त्वाची असते दर्जाची खूण. जपानच्या ‘जासो’ मानकात एफबी, एफसी व एफडी अशा श्रेणी आहेत. एफबीच्या तुलनेत एफसीचा धूर बराच कमी असतो, तर एफडीमध्ये इंजिन स्वच्छ ठेवण्याची कसोटी एफसीपेक्षाही कडक आहे. आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ’ मानकात याच क्रमाने ईजीबी, ईजीसी व ईजीडी अशी नावे आढळतात. ऑईल कशापासून बनले यापेक्षा ते इंजिनात कसे वागते, हे या श्रेणी तपासतात. म्हणून एफडी खूण असलेले सेमी-सिंथेटिक ऑईल हे कोणतीही खूण नसलेल्या ‘सिंथेटिक’ ऑईलपेक्षा भरवशाचे समजावे.

किमतीचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. ५०:१ प्रमाणाने १ लिटर ऑईल ५० लिटर पेट्रोलला पुरते. चेनसॉची टाकी अर्ध्या लिटरची धरली, तर त्यातून सुमारे १०० टाक्या भरतात. म्हणजे महाग ऑईलमधील फरक १०० टाक्यांत विभागला जातो. रोज काम करणाऱ्या मजुरांच्या टोळीला सिंथेटिक निश्चितच परवडते. वर्षातून चार-दोन दिवस यंत्र काढणाऱ्यालाही एफसी वा एफडी दर्जाखाली उतरण्याचे कारण नाही.

प्रमाण किती ठेवावे?

प्रमाण यंत्राच्या माहितीपुस्तिकेवरून ठरते. दुकानदाराच्या सल्ल्यावरून किंवा ऑईल सिंथेटिक आहे म्हणून ते बदलू नये. हुस्कवार्नाच्या पुस्तिकांत कंपनीच्या ऑईलसाठी ५०:१, तर अन्य टू-स्ट्रोक ऑईलसाठी ३३:१ असे प्रमाण दिलेले आढळते. श्टीलच्या जुन्या पुस्तिकांत हेच प्रमाण अनुक्रमे ५०:१ व २५:१ असे आहे. यावरून ऑईल बदलले की प्रमाणही तपासावे लागते, हे ध्यानात यावे. दर लिटर पेट्रोलमागे ऑईलचे माप असे :

५०:१ – २० मिलिलिटर
४०:१ – २५ मिलिलिटर
३३:१ – ३० मिलिलिटर
२५:१ – ४० मिलिलिटर

ऑईल कमी पडल्यास पिस्टन-सिलिंडर घासून इंजिन सीज होते, हे बहुतेकांना माहीत असते. ‘थोडे जास्त टाकले तर बरेच’ हा समज मात्र चुकीचा आहे. ऑईल वाढले की तेवढ्याच मापात पेट्रोल घटते. त्यामुळे काजळी वाढते, प्लग ओला-काळा होतो आणि यंत्राची ताकद उतरते.

इथेनॉलमुळे वाढलेली काळजी

राहाता तालुक्यातील प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर उसावर उभ्या राहिलेल्या या पट्ट्याला इथेनॉलचे अर्थकारण ठाऊक आहे. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. अनेक चेनसॉंच्या पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. म्हणून नवे यंत्र घेताना ते २० टक्के इथेनॉलला योग्य आहे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. इथेनॉलमुळे इंजिनाला मिळणारे मिश्रण पातळ होऊन ते अधिक तापू शकते. अशा वेळी कार्ब्युरेटर जाणकार मेकॅनिककडून जुळवून घ्यावा.

दुसरा धोका पाण्याचा. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसते आणि ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. टाकीतील नळीचे टोक तळाशीच असल्याने इंजिनाला ऑईलविना द्रव मिळतो. पावसाळ्यात महिनोन्महिने ठेवलेले मिश्रण दुसऱ्या हंगामात वापरल्यास यंत्र बिघडते, ते बहुधा यामुळेच.

मिसळताना घ्यावयाची दक्षता

आठवडा-दोन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण तयार करावे. झाकणाने अंदाज न घेता मोजपात्र किंवा मोठी सिरिंज वापरावी. पेट्रोलसाठी बनविलेल्या स्वच्छ कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल व सर्व ऑईल घालून हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालावे. यंत्राच्या टाकीत ऑईल व पेट्रोल वेगवेगळे ओतू नये. टाकी भरण्यापूर्वी कॅन पुन्हा हलवावा. पाण्याच्या बाटलीत मिश्रण ठेवण्याची सवय घातक आहे. बाटली ओळखण्यात चूक होऊन जिवावर बेतू शकते. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये व भरल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे.

साखळीसाठीची टाकी वेगळी असते, तिच्यात चेन ऑईलच घालावे. हंगाम संपल्यावर इंधनाची टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. अधूनमधून प्लग काढून पाहिल्यास तोच हिशेब सांगतो. तो फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळा व ओलसर असल्यास ऑईल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला आहे, असे समजावे. प्लग पांढरट दिसला, तर मात्र काम तेथेच थांबवावे. इंजिन सीज होण्यापूर्वी मिळणारी ती शेवटची सूचना असू शकते.