इंग्रजी पत्रव्यवहारांतील वादशब्द व त्यांचे कालानुसारी अर्थ

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत इंग्रजी कागदांचें महत्त्व किती आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. सुरतेस इंग्रजांची वखार इ. स. १६१३ च्या सुमारास कायम झाली. १६६८ त मुंबई बेट कंपनीच्या ताब्यांत आलें. आणि पेशवाईच्या अखेरपर्यंत वखारवाले, वकील व रेसिडेंट यांच्या पत्रांचा ओघ चालू राहिला. शिवकालाविषयींचे इंग्रजी कागद पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ त छापून काढले. पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहारही १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. साधनें हातीं आलीं. तीं वाचण्याची आपली तयारी मात्र त्या मानानें झाली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तयारी म्हणजे केवळ इंग्रजी येणें नव्हे. हीं पत्रें बातमीपत्रें नाहींत. तो वाद आहे. पत्र लिहिणारा आपल्या वरिष्ठांस कांहीं पटवून देऊं पाहतो, प्रतिपक्षाचा दावा खोडूं पाहतो, आपली चूक झांकूं पाहतो. हें सर्व काम तो कांहीं ठराविक शब्दांकडून करवितो. हे शब्द आजही इंग्रजींत आहेत, आणि फसगत होते ती येथेंच. अपरिचित शब्द दिसला कीं वाचक कोश उघडतो. ओळखीचा दिसला कीं पुढें जातो, आणि जुन्या शब्दास आजचा अर्थ चिकटवितो.

(१) ‘प्रिटेंड’ हा शब्द घेऊं. आज त्याचा अर्थ सोंग करणें, खोटा आव आणणें. मूळ लॅटिनांत तो ‘पुढें धरणें’ असा आहे, व सतराव्या-अठराव्या शतकांतील पत्रांत बहुधा ‘दावा सांगणें’ एवढ्याच अर्थानें येतो. म्हणून मराठ्यांच्या चौथाईच्या ‘प्रिटेन्शन्स’ असें कोठें लिहिलेलें आढळल्यास तीं सोंगें नव्हेत. ते दावे होत. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर हा शब्द पुष्कळदां नुसता पूर्वपक्ष मांडतो. खंडन पुढें वेगळें येतें. दोहोंची गल्लत केली कीं पत्रकर्त्यानें न केलेला आरोप आपणच त्याच्या पदरीं बांधतो.

(२) ‘जेलसी’ म्हणजे आज मत्सर. जुन्या राजकीय लेखनांत तो बहुधा संशय, धास्ती किंवा सावधगिरी या अर्थीं येतो. एका दरबारास दुसऱ्याची ‘जेलसी’ वाटते, म्हणजे त्याच्या हेतूंविषयीं शंका वाटते. आम्हीं स्वतः एका टिपणांत या शब्दाचें भाषांतर ‘हेवा’ असें करून ठेविलें होतें, आणि त्यावरून एका मुत्सद्द्याच्या स्वभावाविषयीं चार ओळींचें अनुमानही काढलें होतें. पुढें तोच शब्द त्याच लेखकाच्या तीन निरनिराळ्या पत्रांत पाहिला तेव्हां चूक उमगली. भाषांतर एका शब्दानें चुकलें होतें. अनुमान मात्र समूळ गेलें.

(३) ‘अम्यूझ’ म्हणजे आतां करमणूक करणें. त्या काळीं त्याचा अर्थ पोकळ आशा दाखवून झुलवीत ठेवणें, शत्रूचें लक्ष दुसरीकडे गुंतविणें असाही होता. डॉ. जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत हा अर्थ नोंदला आहे. वाटाघाटीच्या पत्रांत हाच अर्थ प्रथम लावून पाहावा.

(४) ‘प्रेज्युडिस’ हा शब्द दोन तऱ्हांनीं चकवितो. कंपनीच्या कागदांत तो पुष्कळ वेळां केवळ नुकसान या अर्थीं असतो. मनाचा पूर्वग्रह या अर्थींही तो नेहमीं निंदाव्यंजक असतोच असें नाहीं. बर्क यानें फ्रेंच राज्यक्रांतीवरील १७९० च्या प्रबंधांत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें मुरलेली समजूत म्हणून त्याची बाजूच घेतली आहे. जो वाचक तेथें ‘दुराग्रह’ वाचील त्यास बर्कचा सारा युक्तिवाद उफराटा दिसेल. तसेंच ‘कॅन्डर’ हा शब्द. आज तो स्पष्टवक्तेपणा दाखवितो. त्या काळीं प्रतिपक्षाविषयींचा निर्मत्सर, उदार भाव त्यानें सुचविला जाई.

(५) कांहीं शब्दांचा अर्थ बदललेला नसतो, पण त्यांत निकाल आधींच भरलेला असतो. शिवछत्रपतींस इंग्रज वखारवाल्यांनीं कित्येक पत्रांत ‘रिबेल’ म्हटलें आहे. ही पत्रकर्त्याची स्वतंत्र परीक्षा, कीं मोगल दरबारांत बोलली जाणारी भाषा त्यानें सोयीसाठीं उचलली, हा प्रश्न विचारल्यावांचून तो शब्द पुरावा म्हणून पुढें करूं नये. याच इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हा १६७४ त रायगडीं राज्याभिषेकास हजर होता व तहाचीं बोलणीं करीत होता. शब्द एक सांगतो, व्यवहार दुसरें सांगतो. दोन्ही समोरासमोर ठेविल्यावांचून निर्णय होत नाहीं.

आतां साधनांविषयीं. मोल्सवर्थनें योजलेला व कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा आहे. तो अमोल आहे. पण १६७० च्या पत्रासाठीं तोही पावणेदोनशें वर्षें उशिराचा. अशा पत्रास जॉन्सनचा कोश अधिक जवळचा. त्यांत सुमारें ४२ हजार शब्द असून अर्थास ग्रंथकारांच्या वचनांचा आधार दिला आहे. त्याहून सोयीचा ऑक्सफर्डचा महाकोश. त्याचा पहिला भाग १८८४ त निघाला व शेवटचा १९२८ त, आणि त्यांत प्रत्येक अर्थाखालीं सनवार उतारे आहेत. कठिण शब्दांची अडचण इंग्रजांसही होतीच. रॉबर्ट कॉड्रीनें १६०४ त सुमारें अडीच हजार दुर्बोध शब्दांचा छोटा कोश काढला, तो धर्मग्रंथ व प्रवचनें लोकांस समजावीं म्हणून. त्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली आहे व ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. जुनीं पुस्तकें जपणाऱ्यांस ही गोष्ट मननीय वाटेल.

कोणी म्हणेल, संदर्भावरून अर्थ लागतोच; एवढा खटाटोप कशास? यास आमचें उत्तर आपल्याच दप्तरांत आहे. पेशवेकालीन पत्रांतील ‘राजकारण’ हा शब्द आजच्या अर्थानें कोणी वाचूं लागला तर आपण त्यास थांबवितों, व तेथें त्याचा अर्थ गुप्त कारस्थान वा संधान असा आहे हें दाखवितों. ‘मसलत’ म्हणजे कोठें सल्ला, कोठें बेत, तर कोठें प्रत्यक्ष मोहीम. ‘गर्दी’ म्हणजे नुसता जमाव नव्हे. मोडी कागदास जी कसोटी आपण लावतों, ती इंग्रजी कागदास लावूं नये असें कोणतें कारण आहे?

असो. आमची सूचना साधी आहे. इंग्रजी कागद वाचणारानें एक वही घालावी. तींत प्रत्येक वादशब्दापुढें पत्राची तारीख, लिहिणारा, ज्यास लिहिलें तो, आणि त्या जागीं लागणारा मराठी अर्थ टिपावा. तोच शब्द तीन ठिकाणीं भेटेपर्यंत अर्थ कायम धरूं नये. तसेंच, ज्यांच्या संग्रहीं जुने इंग्रजी कोश वा शाळापुस्तकें असतील, त्यांनीं समासांत कोणा पूर्वींच्या वाचकानें मराठींत लिहून ठेविलेले अर्थ पुसूं नयेत, व जीर्ण म्हणून तीं पुस्तकें रद्दींत घालूं नयेत. तो शब्द आपल्या लोकांनीं प्रथम कसा समजून घेतला, याचा तो अस्सल पुरावा आहे. अशा वह्या व अशीं टिपणें एकत्र झाल्यास त्यांतून इंग्रजी कागदांचा एक स्वतंत्र मराठी शब्दसंग्रह उभा राहील. तो होईपर्यंत, ओळखीचा दिसणारा शब्द हाच सर्वांत अधिक संशयास पात्र, एवढें ध्यानीं ठेविलें तरी पुष्कळ होईल.