दस्तुरीपर्यंत आलेला थंडावा

माथेरानला शाळेची सहल नेली की दस्तुरी नाक्यावर सर्वांना गाडीतून उतरावेच लागते. पुढे मोटारींना बंदी आहे. मुलांना त्याची मौज वाटते. पण त्याच नाक्यावर दूध, मासळी, मटण आणि आइस्क्रीम यांचाही प्रवास बदलतो. तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर हा माल वर्षानुवर्षे घोड्यांच्या पाठीवर, हातगाड्यांवर आणि माणसांच्या डोक्यावरून गेला आहे. सारा घाट थंड राहून आलेले अन्न नेमके या छोट्याशा टप्प्यात का धोक्यात येते? उत्तर शोधण्यासाठी आपल्याला जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानची वाढ सुरू झाली. त्या काळी अन्न ताजे ठेवण्याचे उपाय साधे होते. कोंबडी जिवंतच न्यायची, दूध काढल्याबरोबर तापवायचे, उरलेल्याचे दही लावायचे, मासळी सुकवायची. उष्णतेने जीवाणू मरतात, दह्यातील आम्लाने आणि सुकटीतील पाण्याच्या अभावाने त्यांची वाढ रोखली जाते. थंडी वापरण्याचा मार्ग मात्र आपल्याकडे अजून नवा होता.

तो मार्ग समुद्रातून आला. अमेरिकेतील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचे ‘टस्कनी’ हे जहाज मे १८३३ मध्ये बॉस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. हा बर्फ गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला होता. दोनदा विषुववृत्त ओलांडून जहाज सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढच्याच वर्षी मुंबईतही असा बर्फ आला. कोणतेही यंत्र नसताना चार महिन्यांच्या प्रवासात निम्म्याहून अधिक बर्फ टिकला कसा?

याची कारणे तीन. एक, बर्फाची अप्रकट उष्णता मोठी असते. ० अंश सेल्सियसचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. दोन, भोवती लाकडाचा भुसा होता आणि त्यात अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. तिसरे कारण भूमितीचे आहे. उष्णता आत शिरते ती पृष्ठभागातून, पण ती शोषली जाते साऱ्या वस्तुमानात. म्हणून ढीग जितका मोठा, तितका दर टनामागे उघडा पृष्ठभाग कमी.

आता वर्गात करता येईल असा हिशोब करू. १८० टन बर्फाचा एकच घन कल्पिला, तर त्याची बाजू सुमारे ५.८ मीटर येते आणि दर टनाला सुमारे १.१ चौरस मीटर पृष्ठभाग पडतो. २० किलो बर्फाचा घन घेतला, तर दर टनाला सुमारे २३ चौरस मीटर, म्हणजे वीसपटीहून जास्त!

दस्तुरीवर हेच घडते. शीतवाहनातून आलेला मोठा साठा तिथे लहान लहान बोज्यांत फुटतो. प्रत्येक बोजा चारी बाजूंनी ऊन खातो. अंतर थोडे असले तरी उष्णतेला वाट वीसपट रुंद मिळते. त्यात माल नाक्यावर हमालाची किंवा घोड्याची वाट पाहत पडला, तर वेळही वाढतो.

हा वेळ महागात पडतो. अनुकूल तापमानाला काही रोगकारक जीवाणूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते. म्हणजे तीन तासांत १०० चे ६४०० होतात. ५ अंशांखाली बहुतेकांची वाढ फार मंदावते, पण थांबलेले जीवाणू मेलेले नसतात. हॉटेलात पोचल्यावर अन्न पुन्हा फ्रिजमध्ये ठेवले, तरी वाढलेली संख्या कमी होत नाही. स्टॅफिलोकॉकस या जीवाणूंनी अन्नात सोडलेले विष तर उकळूनही पूर्णपणे नष्ट होत नाही. फ्रिज अशा वेळी दोष दूर करत नाही, झाकतो. त्याची किंमत सहलीला आलेले एखादे मूल मोजते.

मग गाड्या थेट वर न्याव्यात का? १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली छोटी रेल्वे बाजारापर्यंत पोचली, पण पावसाळ्यात नेरळकडून होणारी वाहतूक थांबते. २००५ आणि २०१९ च्या अतिवृष्टीत तर मार्गच उखडला. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि मोटारबंदीमुळेच तिथली हवा आणि झाडी टिकली आहे. ओझे वाहणाऱ्या माणसाचाही यात दोष नाही. त्याला उघडी टोपली दिली जाते, हा दोष आहे. ट्यूडरच्या जहाजाकडून शिकण्यासारखे हेच आहे. माल नाक्यावर फोडू नये. जाड उष्णतारोधक पेटीत, बर्फासह, जमेल तितका एकत्र ठेवून हातगाडीवरून न्यावा आणि पेटी मुक्कामालाच उघडावी. १ किलो बर्फ वितळून सुमारे साडेतीन किलो दूध ३० अंशांवरून ४ अंशांपर्यंत थंड करू शकतो. मग आधीच थंड असलेले दूध तासभर तसेच राखणे कठीण नाही.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. सारख्या वजनाचे बर्फाचे दोन वाटे घ्या. एक अखंड ठेवा, दुसऱ्याचे तुकडे करून ते वेगवेगळे पसरा. अर्ध्या तासाने दोन्हींचे पाणी मोजा. आणि सहलीत आइस्क्रीम दाताखाली कचकचले, तर मुलांना कारण विचारा. ते वाटेत वितळून पुन्हा गोठल्याने बर्फाचे स्फटिक मोठे झालेले असतात. आइस्क्रीम निदान आपल्या प्रवासाची साक्ष देते. दूध आणि मटण बहुधा ती देत नाहीत, म्हणून त्यांची काळजी आधीच घ्यावी लागते.